रिकामी खाच

महाप्याला तिसऱ्या मजल्यावरच्या स्टोअरात
आज बेचाळीस नवे लॅपटॉप उतरले.
खोके इतके चपटे, की लिफ्टवाल्या धनाजीला वाटलं
टाइल्सचे नमुने आलेत.

जो तो हातात घेऊन आधी वजनच करतो,
कलिंगड उचलून बघावं तसं,
आणि म्हणतो, वा, हलका आहे.
हलका आहे, खरंच.
काय काय काढलं म्हणून हलका
ते माझ्या यादीत आहे.
यादी कुणी मागत नाही.

पहिली सही हेमलताबाई वैतींची.
लेखा विभागात बावीस वर्षं. आकडे
त्यांच्या उजव्या हाताला पाठ.
बाई बसल्या, हात सवयीनं जरा पलीकडे गेला
आणि टेबलावर टकटक वाजला.
आकड्यांच्या कळा तिथं नव्हत्याच.
पाच, सात, शून्य, शून्य, एंटर...
सनमायक्यावर अख्खं व्हाउचर टाकून झालं
तेव्हा कुठं त्यांनी खाली पाहिलं.
"काळोखात अजून एक पायरी आहे समजून
पाय टाकावा, तसं झालं रे दिगंबर."

मी त्यांना वेगळा कीपॅड दिला.
त्याच्या वायरला भोक नव्हतं, म्हणून जोडणी दिली.
जोडणी लावली तर चार्जरला जागा उरेना,
म्हणून तीन तोंडांची दुसरी.
आता हलक्या लॅपटॉपबरोबर त्या रोज
एक कापडी पिशवी आणतात,
आजोबांच्या चंचीएवढी.
काढलेलं सगळं तिच्यात.

दुपारी उरणच्या गोदामातून मढवीचा फोन:
"कंटेनरांच्या आड वायफाय मरतंय,
भिंतीतून निळी केबल आलीय ती घालू कुठं?"
मी गप्प.
"अहो, कुठं घालू?"

खोटं कशाला बोला, बॅटरी दिवस काढते.
पंखा कण्हत नाही. पडदा तर असा
की माझी पिकलेली मिशी मलाच मोजता आली.
आणि कॅमेऱ्यावर नखाएवढं सरकतं झाकण ठेवलंय,
निदान एक दार
आपल्या हातानं लावता येतं.

सगळे गेल्यावर एकाला पालथा घातला.
आठ स्क्रू, मग कडेनं प्लास्टिकची पट्टी फिरवत,
श्वास धरून,
खरवस उलटा काढावा तसा तळ सोडवला.
बॅटरी चिकटवलेली.
मेमरी पाटालाच डाखलेली,
जन्मताना जेवढी दिली तेवढीच.
जुन्यात एक खाच रिकामी असायची.
काही न करणारी, नुसती रिकामी,
पुढं लागली तर.

ऐरोलीला आम्हाला सिडकोची एक खोली मिळाली
तेव्हा वडिलांनी स्लॅबवर सळया तशाच उभ्या सोडल्या.
पावसाळ्यामागून पावसाळे गंजल्या.
शेजारी म्हणायचे, कापून टाका, दिसायला वाईट दिसतं.
आई त्यांना दोरी बांधून परकर वाळत घालायची.
एकोणीस वर्षांनी सुनंदाताई
एक बॅग आणि झोपलेली पोर घेऊन आली,
परत जाणार नाही म्हणाली,
तेव्हा त्याच सळयांना जोडून
वर दहा बाय अकराची खोली उठली.

ज्यानं हे यंत्र आखलं
त्याला दोष कसा देऊ? त्यालाही कुणी तरी
मिलिमीटर मोजत विचारत असेल,
हे कशाला, ते कशाला,
आणि रिकाम्या खाचेचं उत्तर
कुठल्या तक्त्यात बसवणार?

तळ पुन्हा दाबून बसवला. एक कोपरा
पहिल्यासारखा बसला नाही. हा मीच वापरीन.

संध्याकाळी बाई परत आल्या, हळूच म्हणाल्या,
"निवृत्तीला चौदा महिने राहिलेत.
तेवढे दिवस जुना असू दे ना माझ्याकडे.
नवाही ठेवते, साहेब आले की उघडीन."

नियमानं जुना आजच जमा व्हायला हवा.
रजिस्टरात त्यांच्या नावापुढं
'परत मिळाला' असा रकाना आहे.
पेन उचललं,
टोपण लावलं,
आणि दिवे घालवून खाली उतरलो.